अर्थ नसलेल्या ‘डू’चे काम

इंग्रजीतील ‘डू’ हे क्रियापद दोन वेगळ्या भूमिकांत वावरते. ‘शी डज हर होमवर्क’ या वाक्यात ते ‘करणे’ या अर्थाचे मुख्य क्रियापद असते; ‘डज शी सिंग?’ या प्रश्नात मात्र त्याला स्वतःचा अर्थ उरत नाही आणि ते साहाय्यक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या सोबतीने काळ, नकार किंवा प्रश्न दाखवणारे क्रियापद, बनते. शिकणाऱ्यांच्या चुका प्रामुख्याने या दुसऱ्या भूमिकेत होतात.

या भूमिकेचा नियम असा की काळाची आणि पुरुष-वचनाची खूण वाक्यात एकदाच येते, ती ‘डू’ उचलते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते. म्हणून ‘शी सिंग्ज’चा नकार ‘शी डज नॉट सिंग’ असा होतो आणि ‘यू वेंट’चा प्रश्न ‘डिड यू गो?’ असा होतो. ‘डिड यू वेंट?’ या वाक्यात भूतकाळ दोनदा दाखवला जात असल्याने ते अशुद्ध ठरते. मराठीतही ‘तो गात नाही’, ‘ते गात नाहीत’, ‘तू गात नाहीस’ असा पुरुष-वचनाचा भार ‘नाही’ उचलते, परंतु ‘ते गेले नाहीत’ म्हणताना अनेकवचन दोन्ही शब्दांवर दिसते, आणि ही मुभा इंग्रजीत नाही.

‘बी’ची रूपे, ‘कॅन’सारखी साहाय्यक क्रियापदे आणि पूर्णकाळातील ‘हॅव’ यांना ‘डू’ लागत नाही. ‘हू’ हा शब्द स्वतःच कर्ता असेल तेव्हाही ते येत नाही, म्हणून ‘हू ब्रोक द ग्लास?’ असे म्हणतात. तो कर्म असेल तर मात्र ‘हू डिड यू सी?’ अशी रचना होते. साध्या होकारार्थी वाक्यात ‘डू’ आले, तर ते विधानावर जोर देते: ‘आय डू नो हिम’ म्हणजे ‘मी त्याला ओळखतोच’.

ही व्यवस्था मूळची नव्हे. जुन्या इंग्रजीत नकारदर्शक ‘ने’ क्रियापदाआधी येई, पुढे ‘आय नो नॉट’ अशी रचना रूढ झाली आणि पंधराव्या ते सतराव्या शतकांत ‘डू’ नकारात व प्रश्नात हळूहळू स्थिरावले. स्वीडिश अभ्यासक आल्व्हार एलेगार्ड यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलाचा सविस्तर मागोवा घेतला. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी आणि नवी दोन्ही रूपे शेजारी नांदतात, तर १६११ च्या किंग जेम्स बायबलात नकारासाठी बहुतांशी जुनीच रचना आढळते.

‘व्हॉट डिड शी डू?’ या प्रश्नात दोन्ही भूमिका एकत्र येतात: पहिले क्रियापद केवळ भूतकाळ आणि प्रश्न वाहते, दुसरे ‘करणे’ हा अर्थ देते, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या जागी ‘डिड’ येऊ शकत नाही.