१९४१ चं पायदळ आणि रणगाडा

साकोलीत पटावरचा युद्धखेळ मांडला होता. एका पोरानं विचारलं, "१९४१ च्या पायदळाकडे रॉकेट का नाही?"

कारण रॉकेट डागणारा बझूका १९४२ चा; रणगाडाविरोधी पियाट, तोही रॉकेट नव्हे, १९४३ चा. १९४१ मध्ये एरिट्रियात केरनला मराठा पलटणी लढल्या, त्या काळात भारतीय पायदळाचं रणगाडाविरोधी हत्यार होतं बॉईज रायफल. वजन सुमारे १६ किलो, धक्का जबर.

जवळून ती २० मिमीच्या आसपास पोलाद भेदायची. इटालियन एल३ या छोट्या रणगाड्याचं चिलखत जास्तीत जास्त १४ मिमी, त्याला पुरेशी. त्यांच्याच एम११/३९ रणगाड्याची समोरची बाजू मात्र ३० मिमी!

म्हणून खेळात दबा धरा, रणगाडा जवळ येऊ द्या, पातळ बाजूवर मारा. मला हाच डाव सर्वांत थरारक वाटतो.

पियाटनं गणित बदललं. त्याच्या गोळ्यात पोकळ शंकूभोवती स्फोटक असायचं, त्यामुळे भेदायला वेग लागत नसे.