गंजाची पकड

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना अनेकांनी पाहिले असेल. धावेचा घेर लोहार चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या जाळात ती तापवून फुगवतो, चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. निवताना धाव आकसते व चाकाला आवळते. ही पकड माणूस मुद्दाम घडवतो. मोटारीच्या ब्रेकमध्ये मात्र तशीच पकड गंज नकळत घडवतो.

समजा, अर्जुनी-मोरगावच्या एखाद्या शिक्षकांची मोटार धानाच्या हंगामात, म्हणजे भर पावसाळ्यात, अंगणात उभी राहिली. दिवाळीनंतर ब्रेकची डिस्क बदलायची ठरली. चाक निघाले, कॅलिपर निघाला, पण डिस्क हबवरून हलेना. तिला धरून ठेवणारा एकही बोल्ट उरलेला नाही. मग ती धरली कोणी?

डिस्क बिडाची असते आणि पोलादी हबवर अगदी बेताच्या फटीने बसते. केशाकर्षणाने पाणी या फटीत शिरते आणि तेथून लवकर वाळत नाही. पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की लोखंड गंजते. लोखंडाचा ऑक्साइड झाला की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक होते, आणि त्यात पाणीही सामावले असेल तर तिपटीच्या आसपास जाते. फट तेवढीच राहते, गंज मात्र वाढत जातो. तो दोन्ही भिंतींवर दाब देतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो.

आता उपाय पाहू. पहिला उपाय पातळ, झिरपणाऱ्या तेलाचा. ज्या केशाकर्षणाने पाणी आत नेले तेच तेलही आत नेते. मात्र त्याला काही तास द्यावे लागतात.

दुसरा उपाय स्क्रूचा. अनेक डिस्कना आट्यांची दोन भोके मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट फिरवला की त्याचे टोक हबला टेकते आणि डिस्क बाहेर ढकलली जाते. ८ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचा एक फेरा त्याला १.२५ मिलिमीटर पुढे नेतो. १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याचे टोक तेवढ्यात सुमारे ९४२ मिलिमीटर फिरते. म्हणजे बल सुमारे ७५० पट व्हायला हवे. घर्षणात त्यातले बहुतेक खर्च होते, तरी शंभरेक पट उरते. हाताने १० किलोचा जोर लावला तर डिस्कवर जवळजवळ एक टनाचा! म्हणून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे फिरवावेत. नाहीतर डिस्क तिरकी होऊन अधिकच अडकते.

तिसरा उपाय उष्णतेचा, म्हणजे लोहाराचाच. डिस्कच्या भोकाचा व्यास ६५ मिलिमीटर धरू. डिस्क हबपेक्षा १००° सेल्सिअसने अधिक तापवली तर भोक ६५ × ०.००००११ × १०० = सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. हे कागदाच्या जाडीहूनही कमी आहे, पण गंजाचा थर तडकायला पुरेसे असते. मात्र तेल लावल्यावर ज्योत जवळ नेऊ नये. आतली रबरी सीलेही उष्णतेने खराब होतात. हे काम जाणत्या कारागिराचेच.

हातोडा शेवटी. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. घाव चुकला तर डिस्कला तडा जातो. अशी डिस्क पुन्हा वापरू नये. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना ठोकाठोक कधीही करू नये. जॅक निसटला तर जीवावर बेतते. खाली भक्कम आधार आणि उरलेल्या चाकांना दगड हवेतच.

डिस्क निघाली म्हणजे काम संपले नाही. हबवर एका बाजूला ०.०५ मिलिमीटर गंज राहिला तर नवी डिस्क तिरकी बसते. हबच्या कडेपेक्षा डिस्कची कड केंद्रापासून दुप्पट दूर असेल तर तेथे हा फरकही दुप्पट होतो, आणि ब्रेक दाबताना पायाला थरथर जाणवते. म्हणून तारेच्या ब्रशने हब स्वच्छ करावा. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर मात्र तेलाचा थेंबही राहू देऊ नये.

वर्गात तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवून पाहा: एक कोरड्या नळीत, दुसरा उकळून हवा घालवलेल्या पाण्यात व वर तेलाचा थर देऊन, तिसरा साध्या पाण्यात. आठवड्याने कोणता गंजला? आणि विद्यार्थ्यांना विचारा: बरणीचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण आई गरम पाण्याखाली का धरते?