गाडी आधी सांगते, आपण ऐकायचं

आज बोलायचंय ते गटाच्या गाडीबद्दल. "गाडीतलं आपल्याला काय कळतं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही हेच म्हणायचो, आणि ते म्हणणं आम्हाला फार महागात पडणार होतं.

आमच्या तीन गटांनी मिळून एक जुनी ओम्नी घेतली. पापड, कुरडया, तांदळाचं पीठ आणि पावसाळ्यात भाजी, सगळं तीच वाहते. ही मारुतीची व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली. म्हणजे आज विकत मिळते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली बसवलेलं. पण याच गाडीने नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत माथेरानचा घाट वर्षानुवर्षं चढलाय. जुनी म्हणजे वाईट असं नाही, फक्त तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

पहिल्याच उन्हाळ्यात आमची गाडी तापायला लागली. एका गॅरेजमध्ये नेली. सीटही नीट न उचलता सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल, अठरा हजार." गटाच्या बैठकीत सगळ्या गप्प. अठरा हजार म्हणजे दोघींना बियाण्यासाठी द्यायचं ठरलेलं कर्ज. तेवढ्यात रोज गाडीतून भाजी नेणारी आमची एक वहिनी म्हणाली, "पण गाडी चौकच्या रस्त्याला तापत नाही. कर्जतच्या बाजारात गर्दीत उभी राहिली की काटा वर चढतो. पुढे रस्ता मोकळा झाला की काटा खाली येतो."

त्या एका वाक्याने गटाचे पैसे वाचले. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. उभी असते तेव्हा ते काम एकट्या फॅनचं असतं. मग गाडी फक्त गर्दीत तापत असेल तर आधी कोणावर संशय घ्यायचा? फॅनवर. आम्ही दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, हेच सांगितलं. त्याने इंजिन पंधरा मिनिटं उभ्या गाडीत चालू ठेवलं, काटा चढला तरी फॅन फिरलाच नाही. फॅनला जाणाऱ्या वायरचं कनेक्शन गंजलं होतं. काम काही शेकड्यांत झालं.

याच्या उलट, गाडी चढावर किंवा वेगात तापत असेल तर पाणी कमी आहे का, होज पाइप गळतोय का, रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट बिघडलाय का, हे बघायचं. आणि गॅस्केट खरंच गेलं असेल तर त्याच्या खुणा असतात. गळती दिसत नाही तरी पाणी संपत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नाही, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखं ऑइल येतं. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, ती मात्र साधी.

चूक आमचीही होती. रेडिएटरमध्ये आम्ही महिनोन् महिने बोअरचं पाणी घालत होतो. त्याने आत क्षार आणि गंज धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. आणि एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा: गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा तास तरी थांबा.

आता दुसरी रोजची तक्रार: सकाळी गाडी चालू होत नाही. इथे कान लावा. चावी फिरवल्यावर नुसतं टकटक वाजतं आणि दिवे मंद होतात, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलीय. दिवे लख्ख, पण एकच टक आवाज आणि पुढे काही नाही, तर सेल्फ बघायचा. सेल्फ छान फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला ठिणगी मिळत नाही. या तीन आवाजांवर निम्मं निदान होतं. टर्मिनलची भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून घरीच साफ करता येते. आधी वजा खुणेची वायर काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. मग वर थोडं व्हॅसलिन. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून फार कमी असतील तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, ती चार्जच होत नाहीये.

गाडीखाली डाग दिसला तर जुना पुठ्ठा टाकून सकाळी बघा. हिरवट किंवा लालसर पाणी म्हणजे कूलंट. काळपट आणि चिकट म्हणजे ऑइल. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याची काळजी नको. पण चाकाजवळ पिवळसर, निसरडा थेंब दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. तेव्हा गाडी जागची हलवायची नाही, मेकॅनिकलाच घरी बोलवायचं. सायलेन्सरचा धूरही बोलतो: निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय.

आपल्याकडे घाट आहे, म्हणून क्लच आणि ब्रेकचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून जास्तीची इंजिनं लावलेली आपण लहानपणापासून बघतो, कारण बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे. आपल्या ओम्नीला मागून ढकलायला कोणी नाही. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट संपत आलीय. उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकणं, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ब्रेकचा पाय मऊ लागला, हळूहळू खाली गेला किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर घाटात जायचंच नाही. ब्रेकचं काम घरी करून बघायचं नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं जरूर टाकावं, पण खोपोली सोडण्याआधी ब्रेकही तपासावा.

आता आमच्या गाडीत हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी वही असते. काय झालं, केव्हा झालं, गाडी गार होती की गरम, उभी होती की धावत, आवाज कसला, वास कसला, एवढंच लिहायचं. जी गाडीत बसते ती लिहिते, गाडी चालवता येत नसली तरी चालतं. गॅरेजमध्ये ही वही पुढे ठेवायची आणि तीन गोष्टी मागायच्या: हा बिघाड कशावरून ओळखला, खर्च किती ते लिहून, आणि बदललेला जुना भाग परत. चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. आमचा तर आता आधी वही मागतो.

तर मैत्रिणींनो, या रविवारी गाडी गार असताना ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि बॅटरीची टर्मिनलं एवढं बघा. दहा मिनिटं लागतात. आमच्या त्या दोघींना बियाण्याचं कर्ज वेळेवर मिळालं आणि त्यांचं भात त्या पावसात वेळेत लागलं. गाडी आधी सांगत असते, आपण ऐकायचं असतं.