दुपट्ट्याखालची मुरमं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना भिडतो. धरमपेठेतून दुचाकीवर ट्यूशनला निघालेल्या मुलामुलींनी दुपट्टा बांधावाच, पण घामेजलेला दुपट्टा रोज धुवावा, नाहीतर मुरमं वाढू शकतात. तरी मुरमांचं मूळ मळात नाही. वयात येताना संप्रेरकांमुळे वाढलेल्या तेलात आणि बुजलेल्या रंध्रांत आहे. म्हणून चेहरा घासू नका, दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे. मुरमांवर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावलं, तर गुण दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात (टॉवेल पांढराच ठेवा, या मलमानं रंग उडतो). खरी भीती ‘गोरं करणाऱ्या’ स्टेरॉइड मलमांची: आधी चेहरा उजळतो, मग मुरमं उसळतात. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावूच नका. गाठी, व्रण उठले तर मेडिकलचा (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा) त्वचारोग विभाग गाठा.