संकलित माहितीचे इंग्रजी वर्णन : शब्दनिवडीचा प्रश्न

महाराष्ट्रातील सामाजिक शास्त्रांच्या संशोधनात माहिती बहुधा मराठीतून संकलित होते. शोधनिबंध मात्र अनेकदा इंग्रजीतून लिहिला जातो. या भाषांतरात आकडे बदलत नाहीत, परंतु आकड्यांविषयीचे विधान बदलू शकते.

जनगणनेचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रातील सात वर्षे व त्यावरील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण २००१ मध्ये ६७.०३ टक्के होते. २०११ मध्ये ते ७५.८७ टक्के झाले. मराठीत ही '८.८४ टक्क्यांची वाढ' म्हटली जाते. इंग्रजीत तेथे 'परसेंट' लिहिल्यास विधान चुकते. हा फरक ८.८४ 'परसेंटेज पॉइंट' इतका आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत वाढ काढल्यास ती सुमारे १३.२ 'परसेंट' भरते. मराठीतील 'टक्के' हा शब्द दोन्ही अर्थांना चालतो, म्हणून ही गफलत सहसा लेखकाच्या ध्यानी येत नाही.

'सिग्निफिकंट' या शब्दाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 'लक्षणीय' या अर्थाने तो सर्रास योजला जातो. संख्याशास्त्रात मात्र ती सार्थकतेची संज्ञा आहे. शून्य परिकल्पना खरी मानल्यास, आढळलेल्या फरकाएवढा किंवा त्याहून मोठा फरक मिळण्याची संभाव्यता ठरविलेल्या पातळीहून, बहुधा ०.०५ हून, कमी आहे, एवढेच ती सांगते. फरक मोठा किंवा महत्त्वाचा आहे, असे तीवरून सिद्ध होत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हे स्पष्ट केले आहे. नमुना पुरेसा मोठा असल्यास क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो. उलट, चाचणीच केलेली नसेल तेथे 'मार्क्ड' किंवा 'कन्सिडरेबल' हे शब्द निर्धोक होत. अर्थात विशेषणापेक्षा आकडा केव्हाही बरा.

'डेटा' एकवचनी की अनेकवचनी, यावर मार्गदर्शक बराच वेळ खर्च करतात. दोन्ही रूपे रूढ आहेत. निबंधभर एकच ठेवावे.

क्रियापदांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. केवळ सहसंबंध आढळला असता 'इफेक्ट' किंवा 'प्रूव्ह' लिहिणे म्हणजे कार्यकारणभावाचा दावा करणे होय. तेथे 'असोसिएटेड विथ' हाच प्रयोग योग्य. तसेच जनगणनेत वाचन-लेखनाची परीक्षा घेतली जात नाही, घरातील व्यक्तीने दिलेले उत्तर नोंदले जाते. त्यामुळे 'लिटरेट वुमेन' याऐवजी निदान प्रथम उल्लेखात 'वुमेन रिपोर्टेड ॲज लिटरेट' असे लिहिल्यास माहिती कशी मिळाली, हेही वाचकास कळते.