झेड-२८ खरी कशावरून?

शेवरलेटने १९६७ मध्ये झेड-२८ या प्रकारच्या ६०२ कॅमॅरो बनवल्या, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये २०,३०२. या आकड्यांवर फारसं दुमत नाही. खरी गोम पुढे आहे: त्या नेमक्या कोणत्या? तीन वर्षांत जवळपास सात लाख कॅमॅरो रस्त्यावर आल्या. त्यांची बेरीज टिकली, पण कोणत्या गाडीत कोणतं इंजिन बसवलं याचे गाडीनिहाय कागद कंपनीने जपले नाहीत. त्यामुळे ही माहिती हौशी मंडळींना पुढची कित्येक वर्षं पत्र्यावरून आणि लोखंडावरून परत गोळा करावी लागली.

उत्तर चेसिस नंबरातच मिळेल असं कुणालाही वाटेल. १९६९ च्या व्ही-८ कूपचा नंबर १२४३७९ असा सुरू होतो. १ म्हणजे शेवरलेट, २४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कॅमॅरो, ३७ म्हणजे दोन दारांची कूप, ९ म्हणजे साल. त्यापुढे कारखान्याचं अक्षर, ओहायोतल्या नॉरवुडचं एन किंवा लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइसचं एल, आणि शेवटी अनुक्रमांक. बस्स, एवढंच. झेड-२८ हा ऑर्डर फॉर्मवर खूण करून घ्यायचा पर्याय होता, म्हणून नंबरात त्याला जागाच नव्हती. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. तिच्यात बसावं म्हणून ३२७ च्या ब्लॉकमध्ये २८३ चा क्रँक घालून ३०२ घनइंचांचं इंजिन बनवलं आणि नियमापुरत्या गाड्या विकायला काढल्या. तेव्हा तो शर्यतीचा मामला होता. पन्नास वर्षांनी कुणी पुरावा मागेल हे कुणाच्या गावीही नव्हतं.

इतरांचं नशीब बरं निघालं. १९६४ ची पॉन्टियाक जीटीओसुद्धा पर्याय म्हणूनच विकली गेली आणि तिच्याही नंबरात तसा उल्लेख नाही. पण पॉन्टियाकची बिलं मायक्रोफिल्मवर उरली आणि पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसने ती सांभाळली. फोर्डची १९६७ पासूनची नोंद केव्हिन मार्टी यांच्याकडे आली. मस्टँगवाल्याने नंबर कळवला की रंगापासून बांधणीच्या तारखेपर्यंत सगळं छापून हातात. कॅमॅरोवाल्याला हे सुख नाही.

त्यात सत्तरचं दशक आडवं आलं. पेट्रोल महागलं, विम्याचे हप्ते वाढले, या गाड्या कवडीमोल झाल्या. शर्यतीत इंजिन फुटलं की हाताला लागेल ते दुसरं बसवायचं. गाडीवर भाग चढवताना कामगारांना दिलेला बिल्डशीट नावाचा कागद कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहायचा. तो सापडला तर लॉटरी. वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टीही बहुतेकांनी हरवली. किमती चढल्यावर साध्या व्ही-८ रातोरात झेड-२८ होऊ लागल्या, आणि मग अस्सल ओळखायची विद्या आकाराला आली.

या विद्येचा पाया तीन तारखांवर आहे. ब्लॉक ओतला ती तारीख, इंजिन जोडलं ती आणि बॉडी तयार झाली ती. क्रम हाच असायला हवा, उलटा असूच शकत नाही. ओतकामाची तारीख ब्लॉकच्या मागच्या कडेला उठून दिसते: महिन्याचं अक्षर, दिवस आणि सालाचा शेवटचा आकडा. इंजिन जोडल्याचा ठसा पुढे, उजव्या सिलिंडर हेडलगतच्या सपाट पॅडवर असतो. व्ही ०२१२ डीझेड असा ठसा असेल तर इंजिन फ्लिंटच्या कारखान्यात १२ फेब्रुवारीला जोडलेलं, आणि डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. बॉडीची तारीख इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरच्या पट्टीवर. ०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा.

१९६९ च्या गाड्यांत मात्र हा हिशेब घोळात टाकतो. पुढचं मॉडेल रखडलं म्हणून हे वर्ष नोव्हेंबर १९६९ पर्यंत लांबलं. म्हणजे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे महिने एकाच मॉडेलमध्ये दोनदा आले, आणि पॅडवरच्या किंवा पट्टीवरच्या तारखेत साल नाही. १०बी म्हणजे १९६८ चा ऑक्टोबर की १९६९ चा? इथे अनुक्रमांक आणि ओतकामातला सालाचा आकडा कामी येतो. जे ५ ८ असेल तर ऑक्टोबर १९६८, जे ५ ९ असेल तर पुढचा. नॉरवुडने १९६८ च्या अखेरीपासून पट्टीवर एक्स-३३ आणि एक्स-७७ असे झेड-२८ चे संकेत टाकायला सुरुवात केली. व्हॅन नाइसने तेवढीही तसदी घेतली नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियात बनलेली झेड-२८ सिद्ध करणं आजही जिकिरीचं आहे.

१९६८ पासून गाडीच्या नंबरातले काही आकडे इंजिनावर ठोकायला सुरुवात झाली, म्हणून पॅडवर जोडणीच्या ठशासोबत गाडीचा अनुक्रमांकही सापडतो. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात. इथे मात्र आकडे जुळले एवढ्याने भागत नाही, आकड्यांखालचं लोखंडही वाचावं लागतं. कारखान्यात पॅड ब्रोचिंग मशिनवर तासला जायचा आणि त्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उमटायच्या. नंबर बदलायला कुणी पॅड घासला की त्या रेषा जातात. गॅरेजच्या मशिनवर ब्लॉक तासला तर गोलाकार वळणं उठतात. अर्थात प्रामाणिक मालकानेही इंजिन बांधताना पॅड तासून घेतलेला असू शकतो. अशा गाडीचा न्याय कुणीच छातीठोकपणे करू शकत नाही.

एक विरोधाभास मात्र चटका लावणारा आहे. नॉरवुडच्या त्याच लाइनवरून उतरून कॅनडात विकल्या गेलेल्या कॅमॅरोंचे कागद शेवरलेटच्या मूळ कंपनीच्या कॅनडातल्या शाखेने, जीएम कॅनडाने, ठेवले, आणि मालकांना फी भरून ते मिळवता आले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेजारच्या गाडीला काहीच नाही. तेव्हा कागद नसलेली झेड-२८ कुणी समोर आणली, तर रंगरूप पाहण्याआधी त्या पॅडचा जवळून काढलेला, रंग न फासलेला फोटो मागावा. द्यायला टाळाटाळ झाली, तर साध्या व्ही-८ चाच भाव सांगावा.