‘दोन नव्हे’ याचे मनन

‘अद्वैत’ हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी अनेक भाविक बिचकतात. भक्त आणि भगवंत एकच मानले तर प्रार्थना कोणी कोणाची करावयाची, ही त्यांची शंका रास्त आहे. परंतु अद्वैत या शब्दाचा मूळ अर्थ ‘एक’ असा नसून ‘दोन नव्हे’ असा आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन व कॅथलिक धर्मभगिनींनी एकत्र साधना केली. तेथील सिस्टर सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या विचारांचे सखोल अध्ययन केले. सृष्टी सर्वस्वी परमेश्वरावर अवलंबून आहे; परमेश्वर मात्र सृष्टीवर अवलंबून नाही. या एकमार्गी नात्यापाशी शंकराचार्य आणि संत थॉमस अक्वायनस एकमेकांच्या फार जवळ येतात, असे त्यांनी दाखवून दिले. संत थॉमस यांनी त्यासाठी उजेडाचा दृष्टांत दिला आहे. अंगणातला उजेड म्हणजे सूर्य नव्हे. परंतु सूर्यावाचून तो क्षणभरही टिकत नाही. उत्पन्नकर्ता आणि उत्पन्न यांतील भेद येथे पुसला जात नाही. पुसला जातो तो दुरावा.

जो सूर्य आपल्या अंगणात, तोच शेजाऱ्याच्याही अंगणात. म्हणूनच द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास शिकविले. सर्व धर्म सारखेच, असा याचा अर्थ नाही. ख्रिस्तावरील श्रद्धा दृढ ठेवूनच आपण शेजाऱ्याच्या प्रार्थनेपुढे नम्र होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात सृष्टीतील ईश्वरदर्शनाविषयी लिहिताना तळटीपेत अली अल-खव्वास या सुफी गुरूंचा आधार घेतला, हे येथे स्मरणीय आहे.

या मननाचा कस व्यवहारात लागतो. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, नाकाडोंगरी हे गाव आहे. या तालुक्यात एकीकडे जंगल व धानाची शेते, तर दुसरीकडे डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण. तेथील खनिज बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते. मँगनीजवाचून पोलादही बनत नाही. आपण घरी बसून टॉर्चचे बटण दाबतो, तेव्हा अशा एखाद्या डोंगराचा अंश आपल्या हाती असतो. तो डोंगर, तेथे राबणारा मजूर आणि आपण यांना ‘परके’ कसे म्हणावे? खाणीवर अनेकांची चूल पेटते. म्हणून नुसता निषेध पुरेसा नाही. मजुराची सुरक्षितता, खोदलेल्या जमिनीवर पुन्हा झाडोरा आणि आपल्या वापरात संयम, या तिन्हींचा आग्रह एकत्रच धरावा लागेल.

बंधुभगिनींनो, सायंप्रार्थनेपूर्वी पाच मिनिटे स्तब्ध बसून एवढेच मनन करावे: ज्याच्यामुळे मी आहे, त्याच्यामुळेच माझा शेजारी आहे आणि हे झाडही आहे. मग शेजाऱ्याच्या सणाला शुभेच्छा देणे आणि वापरलेला सेल ओढ्यात न फेकणे, ही दोन्ही कृत्ये एकाच प्रार्थनेची फळे ठरतील.